शनिवारचा पेत्र

प्रिय आई,
सप्रेम सलाम.

दर रविवारी फोनवर बोलतो, तरी हे लिहून पाठवतोय. बोलायला गेलो की माझा घसा दाटतो आणि मग तू विषय बदलतेस.

बाबा गेले त्याच्या आदल्या रात्री त्यांनी मला फोन केला होता. इथे कामाची वेळ होती. मी चिडून "नंतर बोलतो" म्हणालो आणि ठेवला. चार वर्षं मी उपासनेला जातोय, सगळ्यांबरोबर पापांची कबुली म्हणतोय, पण हे एवढं कधी ओठांवर आलं नाही. देव क्षमा करतो हे लहानपणापासून पाठ आहे गं. पण ज्यांना दुखावलं तेच नाहीत, मग क्षमा मागायची कोणाकडे?

यंदा पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शुभवर्तमान घेऊन बसलो आणि पेत्रापाशी, प्रभू येशूच्या त्या शिष्यापाशी, अडकलो. प्रभूला धरून नेलं त्या रात्री तो तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हणाला. लूक लिहितो की तेव्हा प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्यातलं शेवटचं ते तेवढंच. मग शुक्रवारी क्रूस, शनिवारी प्रभू कबरेत, आणि पेत्राची चूक आता कायमची. त्या शनिवारबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. मला मात्र तो दिवस ठाऊक होता. मी चार वर्षं त्यातच राहत होतो.

मग मार्कात रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना मिळालेला निरोप वाचला: त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्र शिष्यांतच होता ना? तरी त्याचं नाव वेगळं घेतलंय. इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य, पण हे दोन शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले. प्रेषित पौलही करिंथकरांना लिहिताना, उठलेला प्रभू कोणाकोणाला दिसला ते सांगतो, तेव्हा आधी केफाचं, म्हणजे पेत्राचंच नाव घेतो. पाचशेहून अधिक जण त्याच्यानंतर.

योहानाने तर उठलेला प्रभू तिबिर्याच्या सरोवराकाठी शिष्यांना भेटला तिथला कोळशांचा विस्तवसुद्धा टिपून ठेवलाय. त्यासाठीचा मूळ ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात दोनदाच येतो: एकदा पेत्र नाकारताना ज्यापाशी शेकत उभा होता तिथे, आणि एकदा इथे. म्हणजे प्रभूने त्याला त्याच उबेपाशी परत बसवलं. आधी न्याहारी दिली. मग तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं, असंही लिहिलंय. जखम झाकली नाही, आई. हात लावला, आणि लगेच मेंढरं सांभाळायला दिली.

ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, असं पौल म्हणतो. मला ते नेहमी वादातलं वाक्य वाटायचं. आता कळतं की तो पेत्राच्या शनिवारबद्दलच बोलतोय. प्रभू कबरेतच राहिला असता तर त्या तीन नकारांना उत्तर कोणी दिलं असतं? तो जिवंत आहे म्हणून माझं बोलणं ऐकायला कोणीतरी आहे. बाबाही त्याच्यातच निजले आहेत. त्यांच्याशी राहिलेलं बोलणं राहिलंय, संपलेलं नाही.

त्या रात्री मी गुडघ्यांवर येऊन सगळं नावानिशी सांगितलं. खूप रडलो. उठलो तेव्हा चूक ती चूकच होती, पण तिची भीती नव्हती. पौलाच्या गलतीकरांस पत्रातली मोकळीक मी पाठ केली होती; ती छातीत अशी लागते हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासून बाबांचा फोटो मी टेबलावर ठेवलाय. इतके दिवस तो कपाटात होता.

म्हणून एक विचारतो, जे विचारायची हिंमत कधी झाली नाही. तू तेव्हा त्यांच्याजवळच बसली होतीस. मी फोन ठेवल्यावर बाबा काय म्हणाले? जे असेल ते सांग, कमी करू नकोस.

तुझा,
बाळू