मॅडम, तुमच्या ‘थांबा’साठी

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

तुमचं नाव घालत नाही, घातलेलं तुम्हाला आवडायचं नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गावच्या ग्रुपवर हवामानाचा सल्ला घेऊन यायचा तो आवाज, एवढ्यावर आमची माणसं ओळखतील.

तुमच्या आधीही हवामानाचा सल्ला यायचाच की. पीडीएफ यायची. पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, ढग, आणि खाली पिकवार सूचना. उघडायचं कोण? तुम्ही त्याच कागदाचं दीड मिनिटाचं बोलणं केलंत. ‘उद्या-परवा फवारू नका, औषध धुऊन जाईल,’ एवढं ऐकायला चष्मा लागत नाही. आमचे आबा तर रेडिओसारखा फोन कानाला लावून बसायचे. पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बघायचं त्यांनी सोडलं नाही, पण कोल्हा आहे की बेडूक हे सांगून झालं की पुढं विचारायचे, ‘आन् बाई काय म्हणत्यात?’

एक गोष्ट तुम्ही शिकवलीत ती जन्मात विसरणार नाही. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असं ऐकलं की आम्ही समजायचो, थोडासा पाऊस. तुम्ही पारावर बसून सांगितलंत, हा शब्द किती पडणार त्याचा नाही, किती जागी पडणार त्याचा आहे. तुरळक म्हणजे शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस ठिकाणी, काही ठिकाणी म्हणजे पन्नासपर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. किती पडणार ते वेगळं, हलका, मध्यम, जोरदार हे शब्द त्यासाठी. म्हणजे शेजारच्या शिवारात ओढा वाहिला आणि आपल्याकडं धूळ उडाली, तरी अंदाज खोटा ठरत नाही. इतकी वर्षं आम्ही हवामान खात्याला ज्या शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या तरी परत घ्याव्या लागल्या.

आता 2023 बद्दल. हे पत्र खरं त्याच वर्षासाठी आहे.

त्या साली मृग कोरडा चालला होता. आमच्याकडं दोन वळीव पडले, वरची चार बोटं माती ओली झाली आणि पेरणीच्या गप्पा सुरू झाल्या. ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला, नंबर लावून ठेवू का म्हणून. माझी बियाण्याची बॅग फोडून झाली होती, बीजप्रक्रियेचं औषध आणलेलं होतं. त्या शुक्रवारी तुम्ही म्हणालात, ‘मॉन्सून 11 जूनला रत्नागिरीत आलाय, पण तिथंच अडकलाय. अरबी समुद्रातल्या बिपरजॉय वादळानं त्याचं बळ ओढून नेलंय. पडला तो वळवाचा पाऊस. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय आणि वीतभर ओल गेल्याशिवाय सोयाबीन टाकू नका. थांबा.’

मॅडम, पेरा म्हणणारे शंभर भेटतात. बियाणंवाला म्हणतो, शेजारी म्हणतो, आपलं मन तर रोहिणीपासूनच म्हणत असतं. थांबा म्हणणाऱ्याला मात्र शिव्या खायची तयारी ठेवावी लागते. ‘पगारी माणसाला काय कळतंय’ हे पारावर कोण म्हणालं, ते तुम्हाला कधी कळलं नसेल. मीच म्हणालो होतो. कारण एका साली दुबार पेरणी करून मी हात पोळून घेतले होते आणि तरीही तेच करायला निघालो होतो.

थांबलो. थांबताना आमच्या हिनं पर्जन्यमापक सांभाळला. तुम्ही मोजायची रीत दाखवली होती, सकाळी साडेआठला, रोज, पडला नाही तर शून्य लिहायचं. शून्य लिहायचा तिला फार कंटाळा. जूनच्या 24-25 तारखेला मॉन्सून राज्यभर पसरला, तरी आमच्या वहीत 90 मिलिमीटर व्हायला जुलै उजाडला. मग पेरलं, तेही रुंद सरी वरंब्यावर. बियाणं कमी लागलं, आणि पुढं त्या सऱ्याच कामाला आल्या.

एल निनो हा शब्द त्या साली बांधाबांधावर होता. तिकडं पेरूच्या किनाऱ्याजवळचं समुद्राचं पाणी तापतं आणि इकडं आमचा पाऊस रुसतो, हे आबांना काही केल्या पटेना. तुम्ही त्यांना वॉकर साहेबाची गोष्ट सांगितलीत. 1899 च्या दुष्काळानंतर पावसाचं भाकीत करायचं म्हणून तो 1904 साली हवामान खात्याचा मुख्य झाला, आणि पावसाचा धागा शोधत शोधत थेट पॅसिफिकपर्यंत पोचला. आबांना 1972 आठवला, ते गप्प झाले. पण तुम्ही लगेच पुढं म्हणालात ते मला जास्त आवडलं, ‘आबा, 1997 ला एल निनो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणून घाबरायचं नाही, तयारीत राहायचं.’

ऑगस्टमध्ये मात्र तयारीच करावी लागली. दोन आठवड्यांपुढचा अंदाज दर गुरुवारी येतो, हे आम्हाला तुमच्यामुळं कळलं. तो बघून तुम्ही महिन्याच्या सुरुवातीलाच सांगितलंत, पावसात मोठा खंड दिसतोय. ‘न पडल्या मघा तर वरती बघा’ म्हणतात, पण आम्ही वर बघत बसलो नाही. तुमच्या सांगण्यावरून कोळपणी केली, भेगा बुजवल्या. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी हे आबांना ठाऊक होतंच, पण आता लगेच करा हे तुम्ही सांगितलंत. विहिरीचं पाणी मी आधी उसाकडं वळवणार होतो, ते फुलोऱ्यासाठी राखलं आणि स्प्रिंकलर लावून रात्रीच्या लायटीवर दोन पाणी दिली. पोटॅशियम नायट्रेटची फवारणी, दहा लिटरला 100 ग्रॅम, तीही घेतली. देशात 1901 पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, हे नंतर पेपरात वाचलं. मला एकरी सहा क्विंटल झालं. एरवी नऊ होतं, म्हणजे फार मोठी बढाई नाही. पण जूनमध्ये टाकलेल्या आणि पाणी न मिळालेल्या एका रानात तीनसुद्धा निघालं नाही, आणि ते रान माझ्या सख्ख्या भावाचं आहे. त्याला मी थांबवू शकलो नाही.

आता चुकलेल्या अंदाजाचं. आधीच्या एका साली तुम्ही कोरडं राहील म्हणालात म्हणून मी सोयाबीन कापून पाथ्या तशाच ठेवल्या, आणि संध्याकाळी आभाळ फाटलं. शेंगांना कोंब आले. मी ग्रुपवर वाईट लिहिलं. दोन दिवसांनी तुम्ही स्कूटीवर, चिखलातून, रानात आलात. सरकारी माणूस चुकल्यावर शिवारात येतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही सबब सांगितली नाही. कोंब आलेल्या शेंगा हातात घेऊन म्हणालात, ‘माझा अंदाज तालुक्याचा होता, ढग तुमच्या शिवाराचा निघाला. पुढच्या वेळी मी कोरडं म्हटलं तरी ताडपत्री जवळ ठेवा.’ त्यानंतरच माझा तुमच्यावर विश्वास बसला. उलटंच झालं म्हणा.

2024 च्या मार्चअखेर देशातली 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद झाली, त्यात तुमचं काम गेलं. तुमचा शेवटचा निरोप नेहमीसारखाच होता, उन्हाळी भुईमुगाला पाणी कधी द्यायचं याचा. नोकरीचा उल्लेखही नव्हता. परभणीच्या विद्यापीठाचा सल्ला अजून येतो, फोनमध्ये हवामान सल्ल्याचं मेघदूत ॲप आहे, तेही बघतो. पीडीएफ आता मी स्वतः वाचून ग्रुपवर बोलून टाकतो. पोरं हसतात, ‘तात्या, मॅडमसारखं बोलायलाय’ म्हणतात. तुरळक आणि हलका यात अजून एखादा गडबडला की मी तुमचंच शंभरातल्या पंचवीसचं उदाहरण देतो.

तेव्हा आभार मानायचं राहून गेलं. मानायचे असतात हे सुचलंच नाही. पारावर जे बोललो त्याची माफीही याच पत्रात मागतो. आबा गेले. जायच्या आदल्या पावसाळ्यातही विचारत होते, बाईंचा फोन आला का म्हणून.

आज सकाळी साडेआठला आमच्या हिनं वहीत 22 मिलिमीटर लिहिले. मिळून 61 झाले. गावात चार ट्रॅक्टर चालू झालेत, त्यातला एकही भावाच्या रानात नाही, हे मुद्दाम कळवतो. आम्ही दोघंही थांबलोय.

आपला,
मांजरा नदीकाठचा एक सोयाबीनवाला