कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून?

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेल्या दिवशी सकाळीच रद्द झालं. हिरवा गाऊन घालून झाला होता, पुण्याहून तिची मुलगी रजा टाकून आली होती. भुलेच्या डॉक्टरांनी औषधं पाहायला मागितली. आत्याची औषधं रावपुऱ्यातल्या कुठल्याशा साडीच्या दुकानाच्या थैलीत असतात. त्यातली एक पट्टी त्यांनी उजेडात धरली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "ही शेवटची कधी घेतलीत?"

"काल रात्री, जेवल्यावर. रोजचीच आहे."

आमच्या घरात ती 'कोलेस्टेरॉलची कॅप्सूल'. आत मात्र कोलेस्टेरॉलच्या रोसुव्हास्टॅटिनबरोबर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधंही. कमरेत सुई देऊन भूल द्यायची तर क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी थांबवावं लागतं, नाहीतर मणक्यात रक्त साकळण्याची भीती. घेतलेल्या गोळीवर उतारा नाही. रक्त गोठवणाऱ्या नव्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, तयार होईपर्यंत वाट पाहायची.

वॉर्डात लगेच ऐकू आलं, "सांगूनही पेशंट ऐकत नाहीत." ते मला लागलं, म्हणून हे पत्र. सांगितलं होतं हे खरंच. काउंटरवरच्या बाईंनी इंग्रजी छापील कागद हातात देताना "लोही पातळुं करवानी दवा पांच दिवस पहेलां बंध करजो" असं बजावलं होतं. आत्याचा जन्म बडोद्याचा, गुजराती तिला आपल्याइतकंच येतं. पण रक्त पातळ करणारं काही आपल्या पोटात जातं, हेच तिला ठाऊक नव्हतं. "मला तसली गोळी नाहीच," असं ती अगदी खरेपणाने म्हणाली होती.

आणि ठाऊक असतं तरी तिने बंद केली असती का? मला शंका आहे. हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, घातला तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी दरडावलं होतं, एक दिवसही चुकवायची नाही. दोन वर्षं तिने ते व्रतासारखं पाळलं. काउंटरवरून कोणी सांगितलं म्हणून ते मोडायचं? स्टेंटवाल्याने ही गोळी आपल्या मनाने सोडणं धोक्याचंच असतं. शिवाय कॅप्सूलमधलं एकच औषध थांबवायचं तर बाकीची दोन घ्यायची कशी? ती सुटी लिहून द्यायला हवी होती. नंतर हृदयाच्या डॉक्टरांनी तेच केलं, दोन मिनिटांत. ही दोन मिनिटं आधी कोणाची होती, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

शेजारच्या खाटेवरच्या काकांची तऱ्हा उलटी. 'उपाशीपोटी या' म्हटल्यावर त्यांनी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितलेली बीपीची गोळीही सोडली, आणि डायबिटीसची डॅपाग्लिफ्लोझिन, जी ३ दिवस आधी थांबवायची असते, ती आदल्या दिवसापर्यंत चालू!

ऑपरेशनची तारीख देतानाच कोणीतरी पेशंटची थैली टेबलावर उपडी करावी, पट्ट्या वाचाव्यात आणि थांबवायच्या पट्टीवर मार्करने तारीख घालावी. 'पाच दिवस आधी' असं नको. ऑपरेशनचा दिवस धरायचा की नाही, यावर नव्या तारखेच्या वेळी आमच्याकडे तासभर वाद झाला. शेवटी डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि पट्टीवर लाल पेनने लिहिलं: 'रविवारी रात्री शेवटची'. आत्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "एवढं तेव्हाच लिहिलं असतंत तर!"

एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे