रेवदंडा-साळाव खाडीपुलाच्या खांबांची काळजी कोणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२६ मार्च २०२४ च्या रात्री दीडच्या सुमारास अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली. ताबा सुटलेले जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले आणि बघता बघता पूल पाटाप्स्को नदीत कोसळला. पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार प्राणाला मुकले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले जहाजावर आहेत, त्यामुळे ही बातमी आम्हाला परकी वाटलीच नाही.

तरी त्या रात्री अनेकांचे जीव वाचले. जहाजाने वेळेवर धोक्याचा संदेश दिला आणि पोलिसांनी दोन्ही टोकांना वाहने अडवली. आमच्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, तेव्हा जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एसटी गाड्या अंधारात नदीत गेल्या. त्यांना हात दाखवून थांबवणारे तिथे कोणी नव्हते.

रेवदंडा-साळाव पूल हा आमचा रोजचा रस्ता. मुरुड, कोर्लई, बोर्लीकडची माणसे शाळा-कॉलेज, दवाखाना, बाजारहाट यासाठी याच पुलावरून अलिबागकडे येतात. तो बंद झाला तर रोह्यावरून वळसा. याच पुलाखालून कुंडलिकेच्या खाडीत मालाने भरलेल्या बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नौका) जातात. ओहोटीला पुलावरून वाकून पाहिले की खांबांना चिकटलेली कालवं स्पष्ट दिसतात, आणि त्यांच्या शेजारून बार्ज सरकताना पाहून छातीत धस्स होते. उधाणाच्या पाण्याला काय ओढ असते, हे इथल्या कोणत्याही तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) विचारावे. इंजिन बंद पडले तर भरलेली बार्ज जागच्या जागी थांबत नाही.

ही भीती उगाच नाही. १७ जून २०२१ रोजी रेवदंड्याजवळच ‘मंगलम’ हे मालवाहू जहाज बुडू लागले आणि तटरक्षक दलाने १६ जणांना वाचवले. जुलै २०२४ मध्ये अलिबागसमोर भरकटलेल्या बार्जवरून १४ जणांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. दोन्ही वेळा माणसे वाचली, त्या जवानांचे उपकार आहेत. पण यातली एखादी बार्ज पुलाच्या वरच्या अंगाला असती तर?

पूल किती टन वजन पेलेल याचा विचार होतो, बाजूने धडक बसली तर खांब टिकेल का, याचा मात्र अनेकदा राहून जातो. बाल्टिमोरच्या चौकशीतही हेच पुढे आले की धडकेच्या धोक्याचा अभ्यासच झालेला नव्हता. फ्लोरिडात ९ मे १९८० रोजी जहाजाच्या धडकेने सनशाइन स्कायवे पूल पडून ३५ जण गेले. त्यानंतर बांधलेल्या नव्या पुलाच्या खांबांभोवती पाण्यात काँक्रीटचे भक्कम संरक्षक ठोकळे उभारले गेले.

आमच्या खाडीवर नवा पूल होईल तेव्हा होईल. तोवर सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांनी एकत्र बसून खांबांच्या संरक्षणाचे ठरवावे. भरलेल्या बार्जसोबत टग (मोठ्या नौकांना ओढून नेणारी ताकदवान बोट) सक्तीची करावी. अंधारात आणि उधाणाच्या ऐन ओढीत पुलाखालून वाहतूक बंद ठेवावी. बार्ज जात असताना पुलाच्या दोन्ही टोकांना वायरलेससह माणूस आणि रस्ता अडवायला फाटक असावे. यातले काय करणार आणि कधी, याचे उत्तर दोन्ही खात्यांनी आपल्या वृत्तपत्रातूनच द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चौल (ता. अलिबाग, जि. रायगड)