म्हस कुणाला धार देते, असं विचारणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

उपचार पुरे करून पेशंट घरी गेला की त्याची माणसं मला काहीबाही आणून देतात. कुणी गुळाची ढेप, कुणी रानातल्या भुईमुगाच्या शेंगा. परवा एकांनी घरच्या गुऱ्हाळाची काकवी बाटलीत भरून आणली. ती हात जोडतात तेव्हा मला तुमचं नाव सांगावंसं वाटतं, पण तुमच्या निवृत्तीनंतर आलेल्या या माणसांनी तुम्हाला पाहिलेलंच नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्हाला कौतुक ऐकून घ्यायची सवय नाही, तरी शेवटपर्यंत वाचा.

माझं काम नेमकं काय, असं अजूनही लोक विचारतात. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, बिलाच्या खिडकीवरही बसत नाही. मोठ्या आजाराचं निदान झालं की तिथून पेशंटच्या सोबत राहायचं आणि पुढची पायरी कोणती, ती कुठं, कधी, कुणाकडं, हे त्याला आणि दवाखान्याला दोघांनाही सांगत राहायचं. अमेरिकेत हार्लेम भागात डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन या सर्जननी १९९० मध्ये हे काम 'पेशंट नॅव्हिगेशन' या नावानं पहिल्यांदा पद्धतशीर सुरू केलं. गरीब बायका स्तनाचा कॅन्सर पार पुढं गेल्यावर त्यांच्यापर्यंत पोचत होत्या, आणि त्यांना वाटेत अडवणारी कारणं बरीचशी दवाखान्याबाहेरची होती. आपल्याकडं टाटा मेमोरियलनं २०१९ साली 'केवट' नावाचा वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू केला. पण सिस्टर, तुम्ही हेच काम मिरजेला मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकून आल्यापासून करत होता. त्याला नाव नव्हतं, पगार नव्हता, ड्युटीत ते धरलंही जात नव्हतं.

कोल्हापुरातल्या सायबर कॉलेजातून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करून मी आले तेव्हा मला योजना तोंडपाठ होत्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत कशा मिळतात, रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट कसं माफ होतं, सगळं. तुम्ही ते सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "छान. आता फाईल मिट आणि त्या आक्कांना विचार, घरी म्हस कुणाला धार देते."

भुदरगडकडच्या त्या आक्का. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन ठरलेलं, तारीख दोन आठवड्यांवर. मंजुरी आली होती, रक्ताची सोय झाली होती, कागदांत बोट ठेवायला जागा नव्हती. आणि आक्का म्हणत होत्या, "दिवाळीनंतर बघू." नवरा गप्प. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, आजार थांबत नाही म्हणून सांगितलं. आक्का मान डोलवायच्या आणि पुन्हा दिवाळीवर यायच्या. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि म्हशीचं विचारलंत. तेव्हा कळलं, दोन दुभत्या म्हशी आणि दोन्ही आक्कांशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाहीत. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं, त्यावर घर चालतं आणि सोसायटीचा हप्ता जातो. आक्का आठवडाभर इथं पडल्या तर म्हशी आटणार. घाबरून दिवस पुढं ढकलणारी बाई ती नव्हतीच. तिचा हिशोब पक्का होता, आणि तो तिला कुणी विचारलाच नव्हता.

तुम्ही जावेला फोन लावायला सांगितलात. दुसऱ्या दिवसापासून जाऊबाईंनी रोज दोन्ही वेळा आक्कांच्या शेजारी गोठ्यात बसायचं, आंबोण, म्हणजे धारेच्या वेळचं खाद्य, त्यांनी ठेवायचं, आक्कांचं जुनं लुगडं अंगावर घ्यायचं, आधी एक सड, मग दोन. हे तुम्ही वॉर्डातल्या फोनवरून असं समजावून सांगत होता की शेजारच्या खाटेवरचे आजोबाही उठून बसले आणि एकदोन सूचना त्यांनीही केल्या. ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं.

त्यानंतर तुम्ही आक्कांना सांगितलेलं मी आजही प्रत्येक बाईला शब्दन् शब्द सांगते. काखेतल्या गाठी काढल्यात, त्या बाजूच्या हातात सुई टोचू द्यायची नाही, बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही. व्यायाम चुकवायचा नाही, हात भिंतीवर रोज थोडा वर सरकवायचा. आणि वैरणीला उसाचा पाला काढायला जायचं नाही, कारण पाल्यानं हात चिरतो, चिरलेल्या हाताला जंतू लागतात आणि तो हात सुजून बसतो. ही उसाच्या पाल्याची ओळ मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही. आपल्या जिल्ह्यातल्या बाईला मात्र तीच सगळ्यात आधी लागू पडते.

तेव्हापासून माझ्या फॉर्मवर नाव-गाव-आजार याच्या खाली तुमचे प्रश्न आहेत. घरी जनावरं किती, धार कोण काढतं, पहिली एस.टी. किती वाजता, ऊस कधी तुटणार, पोरं शाळेतून आली की कुणाकडं थांबतात. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे घ्यावं लागतं. मध्ये खाडे पडले तर राहिलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात, उपचाराचा जोर कमी होतो. चंदगडचा माणूस शंभर किलोमीटरहून लांबून येणार, त्याला बेळगाव जवळ आणि कोल्हापूर दूर. त्याला सकाळी आठची वेळ देणं म्हणजे येऊ नको म्हणणं. मशीनच्या टेक्निशियनकडं जाऊन अकरानंतरची वेळ मागून घ्यायची, किंवा त्या दिवसांपुरती राहायची सोय बघायची, हे काम प्रीऑथ, म्हणजे योजनेची उपचाराआधीची परवानगी, मंजूर करून घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे, हे मी तुमच्याकडून शिकले. दातांचंही तसंच. रेडिएशनच्या आधी दातांचे डॉक्टर दाखवून खराब दात काढून घ्यायचे, जखम भरू द्यायची, कारण नंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. पेशंटला वाटतं, जीव जातोय आणि ही दात बघतेय. तुम्ही त्याचा हात धरून दंतविभागात घेऊन जायचात. मीही तसंच नेते.

कागदांचं दुखणं तुम्हाला माहीतच आहे. आधारवर पांडुरंग, रेशनकार्डावर पांडू, आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर आडनावच चुकलेलं. हे एकाच माणसाचे कागद आहेत हे पटवता पटवता आठवडा जातो. एका ठिकाणी तर दुपारी दोनला खिडकी बंद होते आणि गगनबावड्याहून आलेल्या म्हाताऱ्याला उद्या या म्हणून सांगितलं जातं. मला आजही त्याचा संताप येतो. तुम्हालाही यायचा, पण तुम्ही भांडायच्या आधी त्या म्हाताऱ्याला जेवायला बसवायचात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, जिल्ह्यातली कितीतरी गावं पाण्यात, आणि शहराला पाणी उपसणारी केंद्रंच बुडाल्यानं नळ कोरडे. डायलिसिसच्या एका सिटिंगला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं आणि पेशंटला आठवड्यातून दोन-तीनदा यावंच लागतं. पाऊस वाढायला लागला तेव्हाच तुम्ही मला बसवून यादी करायला लावलीत, नदीच्या अलीकडं कोण, पलीकडं कोण. अजून रस्ते सुरू होते. प्रत्येकाला एक-एक पान लिहून दिलंत. ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) किती, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किती, फिस्टुला (सुया टोचायला जोडून केलेली रक्तवाहिनी) कुठल्या हाताला, कावीळ बी-सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट. ते पान नसेल तर नवीन सेंटर पेशंटला मशीनवर घ्यायला कचरतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते पान शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायला सांगितलंत. पलीकडची माणसं त्या पानांवर दुसऱ्या गावांत डायलिसिस घेऊ शकली.

आणि तो फोन. पूरग्रस्तांच्या छावणीत लोक मायेनं केळी वाटत होते, कुणी शहाळी आणत होतं. तुम्ही एकेका पेशंटला फोन करून सांगत होता, "केळं खाऊ नका, शहाळं नको, पाणी वाटीनं मोजून प्या." किडनी बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठलं तर हृदय बंद पडू शकतं, आणि डायलिसिस लांबलेल्या दिवसांत तर जास्तच. वाटणाऱ्यांना हे कुठून माहीत असणार? तुमच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं, हे आम्हाला पूर ओसरल्यावर कळलं. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

बरे न होणाऱ्या पेशंटच्या बाबतीत तुम्ही जे दाखवलंत, त्याची मला सगळ्यात जास्त गरज पडते. नातेवाईक दाराबाहेर गाठतात, "त्यांना काही सांगू नका, हाय खातील." तुम्ही नातेवाइकांशी वाद घातला नाहीत आणि पेशंटशी खोटंही बोलला नाहीत. पेशंटला विचारायचात, "तुम्हाला आजाराबद्दल काय काय सांगितलंय? अजून किती जाणून घ्यायचंय?" एक आजोबा म्हणाले, "मला सगळं ठावं हाय बाई, पोरांस्नी सांगू नकोस." बाप आणि पोरं एकमेकांपासून तेच लपवत होती. त्या संध्याकाळी तुम्ही त्यांना एका खोलीत बसवलंत आणि दार लावून बाहेर उभ्या राहिलात, कुणी आत जाऊ नये म्हणून. आजोबांनी शेताची वाटणी सांगितली, धाकट्या लेकीला माहेरी बोलवायला सांगितलं. त्यांना आणखी दोन महिने मिळाले आणि त्या दोन महिन्यांत त्यांच्या घरात कुजबुज नव्हती.

मॉर्फिनच्या गोळीचंही तसंच. ही शेवटची गोळी, ही सुरू केली की माणूस जातो, असं गावोगाव बोललं जातं. २०१४ मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी लोकांच्या मनातली भीती तशीच आहे. तुम्ही सांगायचात, दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून दर चार तासांनी द्यायची, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. किती माणसं त्या गोळीनं शांत झोपली, चार घास जेवली, नातवंडांशी बोलली. वेदना सोसणं हे पेशंटचं कर्तव्य आहे असं मानणाऱ्या प्रत्येकाशी मी आता भांडते.

माझं पद अजून देणगीवर चालतं. देणगी थांबली की पद जाईल. मला वाटतं, जिथं कॅन्सर आणि किडनीचे पेशंट येतात अशा प्रत्येक दवाखान्यात हे पद कायम हवं, आणि त्यावर बसणाऱ्याला गोठ्याची वेळही माहीत हवी. मी हे दर मीटिंगमध्ये बोलते. तुम्ही निवृत्त होताना म्हणाला होतात, "बोलत राहा, कागदावर लिहून दे." लिहून दिलंय, त्याची पोच घेतलीय, पाठपुरावा चालू आहे.

आता बातम्या. आक्का तपासणीला येऊन गेल्या, सगळं ठीक आहे. हात सुजलेला नाही. धार आता दोघी जावा आलटून पालटून काढतात, आणि तिसरी म्हस घेतलीय. तुमची चौकशी केली आणि तुमच्यासाठी खरवस ठेवून गेल्या, तो त्याच दिवशी तुमच्या सूनबाईंकडं दिलाय, मिळाला असेल.

पुढच्या महिन्यात दोन नवीन मुली कामावर येत आहेत. हुशार आहेत, योजना पाठ आहेत. त्यांना पहिल्या आठवड्यात तुम्ही भेटावं असं मला मनापासून वाटतं. तुमचे गुडघे दुखतात हे ठाऊक आहे, म्हणून खोली तळमजल्यावर मागून घेतली आहे, आणि न्यायला मी स्वतः रिक्षा घेऊन येते. बुधवारी ओपीडीची गर्दी कमी असते. कुठला बुधवार ते तुम्ही सांगा.

तुमच्या ऋणात असलेली,
तुमची विद्यार्थिनी
कोल्हापूर