‘गोण्णेहुळू’ म्हणजे आपली हुमणीच

प्रति,
मा. संपादक,
स. न.

विकसनशील देशांतल्या कृषी शास्त्रज्ञांना शाश्वत कीड व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देण्याबद्दल अधूनमधून वाचायला मिळते. हैदराबादला राजेंद्रनगरच्या राष्ट्रीय वनस्पती स्वास्थ्य व्यवस्थापन संस्थेत आफ्रिका-आशियातले अधिकारी येतात, शिकून जातात. चांगलेच आहे. मी निपाणी तालुक्यातला ऊसवाला. मला विचारायचे आहे ते एवढेच, की शिकून झालेला माणूस बांधापर्यंत पोचतो का, आणि पोचला तर कोणत्या भाषेत बोलतो?

दोन वर्षांमागे ऑगस्टात माझा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडला. ओढला तर ठोंबच हातात आला, मुळ्या सगळ्या फस्त. खाली करंगळीएवढी हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची मुळ्या खाणारी अळी. दुकानदाराने दोन बाटल्या दिल्या, पाण्याबरोबर सोडायला सांगितले. सोडल्या. अळी एकदा तेवढी मोठी झाली की औषधाला दाद देत नाही, हे दुकानदार सांगणार नाही. त्याला बाटली खपवायची असते.

पुढे सप्टेंबरात भावकीतल्या एकाच्या घरी एक कन्नड पत्रक सापडले. वर चित्र, खाली ‘गोण्णेहुळू’. मी बाजारात कन्नड बोलतो, पण शाळा मराठीत झालेली, वाचता येत नाही. पुतणीने वाचून दाखवले. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की सांजवेळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. फांद्या हलवून पाडा, रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. शेणखतातून मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी द्या. पत्रक मे महिन्यातले होते! म्हणजे ज्ञान घरात चार महिने पडून होते आणि मी बाटल्या सोडत होतो. कन्नडवर माझा राग नाही. तोच कागद पाठपोट दोन भाषांत छापायला कितीशी शाई लागते?

हेच काम नीट झालेलेही मी पाहिले आहे. 2002 साली उसावर लोकरी मावा आला तेव्हा पाने पांढरी, अंगावर चिकटा, फडात शिरायची सोय नाही. आम्ही आधी फवारेच मारले. मग धारवाड कृषी विद्यापीठाने मायक्रोमस ही मित्रकीड वाढवून शेतात सोडली, डिफा नावाची मावा खाणारी अळीही आली. त्या अळ्या-कोष असलेली पाने तोडून आम्ही एकमेकांच्या फडात नेऊन ठेवली. मावा ओसरला. पण त्या अळीला बोट लावून “ही मारायची नाही” असे कुणी दाखवले नसते, तर आम्ही तीसुद्धा फवारून मारली असती. आधी मारलीच होती, खरे तर.

इंडोनेशियात असेच झाले होते. भातावरचे तपकिरी तुडतुडे फवारणीनेच माजले, कारण त्यांना खाणारे कोळी मेले. 1986 मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या 57 औषधांवर बंदी घातली आणि 1989 पासून गावोगाव शेतीशाळा सुरू केल्या. आठवड्यातून एक सकाळ शेतकऱ्यांनी खाचरात उतरून किडे मोजायचे, कुठला शत्रू नि कुठला मित्र ते ठरवायचे. शास्त्रज्ञाला शिकवायचे तर हे शिकवा, असे मला वाटते. परीक्षा सभागृहात नको, कुणाच्या तरी फडात घ्या, आणि गुण शेतकऱ्याला देऊ द्या. (आम्ही काही फार कडक परीक्षक नाही. चहा पाजूनच विचारू.)

आमच्या भागात आणखी एक घोळ आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका भुंगेऱ्याला कळत नाही. पलीकडे कागल, अलीकडे निपाणी; दोन्हीकडे ऊस तोच, हुमणी तीच, खाते मात्र वेगळे आणि पत्रक वेगळे. आम्ही अलीकडची झाडे हलवली आणि पलीकडची तशीच राहिली, तर दुसऱ्या सांजेला भुंगेरे पुन्हा हजर. दोन्ही राज्यांच्या कृषी खात्यांनी या पट्ट्यात एकाच आठवड्यात मोहीम घ्यावी, आणि पत्रक एप्रिल संपायच्या आत मराठीतही हातात पडावे. वळीव आमच्यासाठी थांबणार नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी,
ता. निपाणी, जि. बेळगाव