टॅक्सचा पेपर आणि कांद्याचे वाफे

लातूर,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि जेवण गोड लागलं नाही. लेक टॅक्सच्या पेपरात राहिली म्हणून बी.कॉम.च सोडायचं म्हणतेय? तिला सोडू देऊ नकोस. माझी भाची शिकायला आमच्याकडेच राहते, तिचीही अवस्था हीच होती. दोन महिने रोज रात्री तिच्यासोबत बसलो, म्हणून एवढ्या हक्कानं लिहितोय.

परवाचंच सांगतो. गणित होतं 14 लाख करपात्र उत्पन्नाचं, 2025-26 या आर्थिक वर्षाचे नव्या करप्रणालीचे दर. पोरीनं सरळ 14 लाखांचे 15 टक्के काढले, 2,10,000. मागं उत्तर वेगळं. खोडून खोडून वहीच्या पानाला भोक पडलं, डोळ्यांत पाणी आलं. आमचे दादा बाजेवर पडून ऐकत होते. ते म्हणाले, "माय, कांद्याला पाणी कसं देतो आपण? पहिला वाफा भरला की दारं मोडायचं, मग पाणी दुसऱ्यात. भरलेल्या वाफ्यातलं पाणी कोणी उपसतं का?"

पोरगी एकदम सरळ बसली. पहिला वाफा 4 लाखांचा, कर शून्य. पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के, 20,000. त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्के, 40,000. उरले 2 लाख, त्यांवर 15 टक्के, 30,000. बेरीज 90,000, त्या करावर 4 टक्के सेस, म्हणजे उपकर, 3,600. झाले 93,600. "पण 12 लाखांपर्यंत करच नाही म्हणतात ना?" हे तिनंच विचारलं. ती आयकर कायद्यातल्या 87ए कलमाची सूट, 12 लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला. 14 लाखवाल्याला पहिल्या वाफ्यापासून मोजायचं.

अर्थशास्त्राचं फार अवघड गेलं नाही. आवक वाढली की भाव पडतो, हे मोंढ्यात सोयाबीन घालणाऱ्याच्या लेकराला काय शिकवायचं?

व्याजाच्या धड्यानं मात्र माझीच झोप उडवली. माझी गाडी आठवते ना? 60,000 चं कर्ज, दोन वर्षं, "12 टक्के फक्त" असं दुकानातल्या माणसानं सांगितलं होतं. गावात महिना शेकडा दोननं पैसे उचलणारे आपण, मला वाटलं हे तर शेकडा एकच पडलं. हप्ता 3,100. भाचीला घटत्या शिलकीचं, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरायचं, गणित समजावताना सहज माझेच आकडे घातले. हप्ता आला 2,824. दोनदा केलं, तेच.

मग महिन्यामागून महिना मांडत गेलो. हप्त्यातले 2,500 मुद्दलात, 600 व्याजाला. पहिल्या महिन्यात 60,000 वर 600, ठीक आहे. पण शेवटच्या महिन्यात मुद्दल उरलं होतं 2,500, आणि त्यावरही व्याज 600! फेडलेल्या पैशाचंही व्याज मी दोन वर्षं भरत होतो. खरा दर निघाला साडेएकवीस टक्क्यांच्या वर, म्हणजे शेकडा पावणेदोनलाही ओलांडून. 7,786 रुपयांच्या जागी 14,400 गेले. त्या वर्षी दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन पैशांपायी पुढं ढकललं होतं, ते आठवून पोटात कालवलं.

भाचीनं वहीत त्या गणिताखाली लिहिलंय, "मामाची गाडी".

म्हणून म्हणतो, गड्या, क्लासची फी भरायची घाई करू नकोस. आधी लेकीला घेऊन बस. काय दिलंय आणि काय विचारलंय हे तिच्याकडून मराठीत लिहून घे, आकडे नंतर. दर कोणत्या वर्षाचे आहेत ते आधी बघायला लाव; जुन्या पुस्तकावरून गणित सोडवलं तर रीत बरोबर असूनही उत्तर चुकतं. आणि तुझ्या पीककर्जाचं पासबुक तिच्या हातात दे, त्यावरचं व्याज तिलाच काढू दे.

दिवाळीत दोघं इकडं या. येताना तिची राहिलेल्या पेपरची प्रश्नपत्रिका आण, भाची म्हणतेय दोघी मिळून सोडवू. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
मित्र