गळतीचा आकडा द्या, पण मोजणीची रीतही लिहा

संपादक महोदय,
स. न.

पक्षाघातावरच्या लेखांत साडेचार तासांचा आकडा, म्हणजे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची मुदत, हमखास असतो, आणि तो असायलाच हवा. मात्र त्या इंजेक्शनानंतर काहींच्या मेंदूत रक्तस्राव होतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एनआयएनडीएस चाचणीत तो औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के, न घेतलेल्यांत ०.६ टक्के होता. रक्तवाहिन्यांचे अस्तर, म्हणजे रक्त-मेंदू अडथळा, सैल पडणे हे त्यामागचे एक मोठे कारण. ही गळती एमआरआयवर मोजता येते. पण मोजणीत चूक करायला जागा फार आहेत.

आधी कॉन्ट्रास्ट (प्रतिमा उठावदार करणारे औषध) न देता मेंदूचा टी-वन, म्हणजे ऊतीचा चुंबकीय सिग्नल पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, मोजतात. मग गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट, किलोमागे ०.१ मिलिमोल. नेहमीच्या ०.५ मिलिमोल प्रति मिली औषधाचे ६० किलोच्या रुग्णाला १२ मिली होतात. निरोगी अडथळा हा रेणू पलीकडे जाऊ देत नाही. त्यामुळे पुढची १५-२० मिनिटे एकामागून एक प्रतिमा घेताना ऊतीत तो हळूहळू साठत गेला, तर ती गळती. रक्तातले प्रमाण कवटीखाली मध्यरेषेवरून जाणाऱ्या मोठ्या नीलेत, सॅजिटल सायनसमध्ये मोजणे बरे. धमनी बारीक, शिवाय तिच्यात सतत येणारे ताजे रक्त सिग्नल बिघडवते. ऊतीतले आणि रक्तातले प्रमाण ताडून काढलेल्या पॅटलाक आलेखातल्या रेषेचा चढ म्हणजे गळतीचा वेग.

आता हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा. गॅडोलिनियम तांबड्या पेशींत शिरत नाही, फक्त प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) असते. म्हणून रक्तातल्या प्रमाणाला (१ - हिमॅटोक्रिट) ने भागावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये ०.४५ ठेवले आणि रुग्ण अशक्त, हिमॅटोक्रिट ०.३०, तर ०.७० ऐवजी ०.५५ ने भागले जाते आणि गळती खऱ्यापेक्षा सुमारे २१ टक्के कमी दिसते. आपल्याकडे पंडुरोग इतका असताना हे दुर्लक्ष परवडणारे नाही.

दुसरी फसगत याहून वाईट. वाहिनी अजून बंद असेल तर गॅडोलिनियम तिथवर पोचतच नाही. आकडा कमी येतो आणि अडथळा शाबूत आहे असे वाटते. म्हणून सोबत रक्तप्रवाहाचा नकाशा पाहिल्याशिवाय ‘गळती नाही’ असे लिहू नये. मिनिटभराच्या सीटी परफ्यूजनवरून (मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सीटी स्कॅनवरून) काढलेल्या आकड्यावरही विसंबू नये. तेवढ्या वेळात वाहिनीतले कॉन्ट्रास्ट आणि बाहेर झिरपलेले कॉन्ट्रास्ट वेगळे काढता येत नाही. उलट, लांब स्कॅनमध्ये रुग्णाने मान हलवली किंवा यंत्र तापून सिग्नल सरकला, तर नसलेली गळती दिसते. सूक्ष्म गळतीचा सिग्नल मुळातच एखाद्या टक्क्याएवढा असतो.

या मोजणीसाठी उपचार मात्र थांबवू नयेत. मोठी वाहिनी बंद असताना मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. वीस मिनिटांचा हा स्कॅन उपचारानंतरचा आहे. मूत्रपिंडाचा ईजीएफआर (रक्त गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ३० च्या खाली असेल, तर गॅडोलिनियम देण्याआधी पुन्हा विचार करावा.

अहवालात आकड्याशेजारी स्कॅन किती मिनिटे चालला, प्रमाण कोणत्या वाहिनीत मोजले आणि हिमॅटोक्रिट किती धरला, हे छापले जावे, एवढी आमची विनंती आहे. हिमॅटोक्रिट तर साध्या सीबीसीत मिळतो. वॉर्डातून येणाऱ्या स्कॅनच्या अर्जावर तो लिहून पाठवला तरी पुरे.

आपले,
मेंदूच्या एमआरआयचे काम करणारे दोन वाचक